कुठवर आलंय?

ऑगस्ट २०१९. कृष्णा चढत होती आणि आम्ही दोन दिवस वाचनालयातल्या खालच्या फळ्यांवरची पुस्तकं वर चढवत होतो. मी, आमचे शिपाई आणि अभ्यासिकेतली सहा-सात मुलं. आधी संदर्भग्रंथ, मग मासिकांचे जुने बांधीव अंक, मग कादंबऱ्या. तिसऱ्या रात्री गावच सोडावं लागलं. नऊ दिवसांनी कुलूप काढलं तेव्हा वरची पुस्तकं बरीचशी शाबूत होती. खालची जाणार हे धरूनच चाललो होतो. पण एका वस्तूचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. देवघेवीच्या काउंटरवरचा लाकडी ट्रे. त्यातली पुस्तक-कार्डं चिखलात चिकटून त्यांची वीट झाली होती.

आमचं तालुक्याचं वाचनालय, सांगली जिल्ह्यातलं, 'ब' वर्गातलं. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यानंतर जी अनुदानित वाचनालयं उभी राहिली त्यांतलंच एक. देवघेव तेव्हा हाताची होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा, त्या खिशात एक कार्ड. सभासदानं पुस्तक घेतलं की कार्ड काढून त्यावर त्याचा सभासद क्रमांक आणि तारीख लिहायची, कार्ड ट्रेमध्ये तारखेप्रमाणे लावायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा खिशात. म्हणजे बाहेर गेलेल्या प्रत्येक पुस्तकाचा पत्ता त्या ट्रेमध्ये होता. सहाशेच्या आसपास पुस्तकं त्या वेळी घरोघरी गेलेली होती, आणि कोणतं कुणाकडे, हे सांगणारा दुसरा कागद आमच्याकडे नव्हता.

मग वाचनालयाचा फळा धुतला आणि दाराबाहेर खुर्चीवर टेकवून ठेवला. त्यावर लिहिलं, 'आमचं कोणतं पुस्तक तुमच्याकडे आहे? येऊन सांगा. भिजलं असलं तरी सांगा. दंड नाही.'

कोण येणार, असं वाटत होतं. ज्यांच्या घरात गुडघाभर गाळ आहे, ज्यांचा ऊस आडवा झालाय, जनावरं गेलीत, ते वाचनालयाच्या पुस्तकाचं काय सांगायला येतील? पण लोक आले. दुसऱ्या दिवसापासूनच आले. एक आजी कापडी पिशवी घेऊन आल्या. घर सोडताना बरोबर घेतलेली ती पिशवी, तिच्यात रेशन कार्ड, सातबाऱ्याचे उतारे, बँकेचं पासबुक आणि आमचं 'बनगरवाडी'. "तुमचं म्हणून बरोबर घेतलं," म्हणाल्या. काहीजण ओल्या लगद्याच्या पिशव्या घेऊन आले आणि दारातच थांबले, आत यायला संकोच वाटत होता त्यांना. मी त्या पिशव्या हातात घेऊन त्यांच्यादेखत दाखल नोंदवहीत नोंद केली. पुस्तक गेलं, माणूस प्रामाणिकपणे सांगून गेला, एवढं तरी त्या नोंदवहीत राहावं असं वाटलं.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत झाली. लोक पुस्तकाचं नुसतं नाव सांगत नव्हते, कुठवर वाचून झालं होतं तेही सांगत होते. एका शेतकऱ्याकडे विश्वास पाटलांचं 'पानिपत' होतं, ते पाण्यात गेलं. त्यांची खंत वेगळीच. "अजून लढाई सुरू व्हायची होती मॅडम. दुसरी प्रत आहे का?" एका मुलीनं 'चौघीजणी'चं नाव सांगितलं आणि विचारलं, "बेथ बरी होते का हो?" त्या मुलीचं अर्धं घर पडलेलं होतं. मी तिला काय सांगणार होते? तिला सांगितलं की शहरातल्या वाचनालयाकडून प्रत मागवते, तूच वाच.

ही सगळी उत्तरं मी एका दोनशे पानी वहीत लिहीत गेले. सभासदाचं नाव, पुस्तक, आणि तिसरा रकाना 'कुठवर'. तो रकाना हिशेबाला लागत नव्हता. लोक सांगत होते म्हणून आखला. आणि वही भरत आली तेव्हा लक्षात आलं की एकोणीस वर्षं मी या काउंटरवर बसत होते, हजारो पुस्तकं दिली-घेतली, पण कुणालाही 'कुठवर आलंय?' असं विचारलं नव्हतं. विचारायचे ते 'झालं वाचून?' किंवा 'कसं वाटलं?' दोन्ही प्रश्न पुस्तक मिटल्यानंतरचे.

मिटलेल्या पुस्तकाबद्दल माणूस बोलतो तेव्हा त्याचं मत तयार झालेलं असतं, आणि बरेचदा ते इतरांच्या मतांशी जुळवून घेतलेलं असतं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमांना मी परीक्षक म्हणून जात असे. विषय ठरलेला, 'माझे आवडते पुस्तक'. 'श्यामची आई', 'मृत्युंजय', 'ययाति', 'एक होता कार्व्हर'. पुस्तकं चांगलीच आहेत, पण पोरं पाठ केलेलं बोलतात आणि त्यांचा नाइलाज असतो, कारण आवडतं पुस्तक सांगायचं म्हणजे चारचौघांत शोभेल असं सांगायचं, हे त्यांना कळतं. सध्या काय वाचतोस, असं विचारलं तर तोच मुलगा अडखळतो. शेवट माहीत नसतो, म्हणून ते पुस्तक चांगलं की वाईट हे त्याला सांगता येत नाही. मग तो सांगतो की चाळीस पानांनंतर कंटाळा आला, किंवा रात्री एक भाग वाचला आणि दिवा बंद करायची भीती वाटली. मला त्या उत्तरात मुलगा दिसतो. अजूनही मी शाळांना सांगते, प्रश्न बदला. दोन शाळांनी बदललाय.

पुरानंतर वाचनालय संगणकावर गेलं. कार्डांचा भरवसा राहिला नव्हता आणि 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली घ्यायचं आधीपासून चाललंच होतं. संगणकानं माझं काम खरोखर हलकं केलं. कोणतं पुस्तक कुणाकडे, हे आता पाण्यात जाणार नाही. पण वर्षभरानं जुन्या सभासदांची एक तक्रार येऊ लागली, ती मला आधी नीट कळलीच नाही. "मॅडम, खिशात कार्ड का नसतं आता?" कार्ड कशाला हवं? तर त्यावरचे आकडे बघायला.

त्याचं असं की कार्डावर नाव नसे, क्रमांक असे. आणि वर्षानुवर्षं कपाटापुढे उभं राहून पुस्तकं निवडणाऱ्या माणसांना ते क्रमांक ओळखीचे झाले होते. माणूस ओळखीचा नाही, त्याची आवड ओळखीची. एका बाईंनी सांगितलं, "२१४ नंबरनं घेतलेलं पुस्तक मी डोळे झाकून घेते." त्यांना २१४ कोण हे माहीत नव्हतं आणि त्यांनी मला कधी विचारलंही नाही. मला माहीत होतं. २१४ म्हणजे मार्केट यार्डातले एक हमाल, दर सोमवारी यायचे. कपाटापुढे दोघं शेजारी उभे राहिलेले मी पाहिले आहेत. दिवाळी अंकांच्या योजनेतही असंच. अंक हातोहात फिरत, आणि अनुक्रमणिकेत जो तो वाचलेल्या कथेपुढे पेन्सिलीनं खूण करून ठेवी. शेवटच्या वाचकाकडे अंक जाई तेव्हा एखाद्या कथेपुढे अकरा खुणा असत. खुणा करू नका, अशी सूचना मीच लावली होती. ती मी नंतर काढली.

तर हे मूकपणे चाललेलं सांगणं संगणकामुळे बंद झालं. म्हणून मी पुराच्या वेळचा फळा पुन्हा बाहेर काढला. वर लिहिलं, 'सध्या काय वाचताय? कुठवर आलंय?' खाली खडू ठेवला.

आठ दिवस फळा कोरा होता. पहिलं नाव लिहिलं ते एसटीच्या एका कंडक्टरांनी. त्यांची ड्यूटी मुक्कामी गाडीवर असायची. संध्याकाळी निघून गाडी चांदोली धरणामुळे उठलेल्या लोकांच्या एका वसाहतीत पोचते, रात्रभर तिथंच थांबते आणि पहाटे सुटते. ड्रायव्हर लगेच झोपतात, हे गाडीतल्या दिव्याखाली वाचत बसत. त्यांनी लिहिलं, 'झाडाझडती, पान ६०.' विश्वास पाटलांची ही कादंबरी धरणग्रस्तांची, १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. निवड मुद्दाम केली का, असं मी विचारलं. म्हणाले, नाही, जाड पुस्तक पाहिजे होतं. रात्र मोठी असते.

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा पान १३२ लिहिलं आणि काउंटरशी थांबले. वसाहतीतला एक म्हातारा रोज रात्री गाडीपाशी येऊन बसतो म्हणाले. काय वाचताय, असं त्यानं पहिल्या रात्री विचारलं. यांनी सांगितलं की धरणात गाव गेलेल्या लोकांची गोष्ट आहे. मग तो रोज यायला लागला. यांनी वाचलेलं थोडक्यात सांगायचं आणि त्यानं ऐकायचं. "आणि मॅडम, तो ऐकता ऐकता मला थांबवतो. म्हणतो असं नव्हतं, आमच्यात असं झालं. मग तो त्याचं सांगतो." तिसऱ्या आठवड्यात गाडी वसाहतीत पोचली की दोन-तीन बायकाही विचारू लागल्या, "कुठवर आलंय ओ पुस्तक?" कंडक्टरांनी ती कादंबरी सात आठवडे ठेवली. मुदत मी वाढवत राहिले. एवढं हळू वाचलेलं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. पहिल्या पानापासून ते मोठ्यानं वाचून दाखवा, असं वसाहतीतल्यांनी म्हटल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली होती.

रंगनाथन यांची १९३१ सालची पाच सूत्रं आम्हा ग्रंथपालांना परीक्षेसाठी पाठ असतात. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशा अर्थाचं त्यात एक सूत्र आहे. मी पेपरात त्यावर टीप लिहिली होती. ते सूत्र घडताना मला दिसलं ते या मुक्कामी गाडीत.

फळ्याची दुसरी करामत अभ्यासिकेतली. आमच्याकडे स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सातपासून बसतात. वाचनालयाच्या सभासदांशी त्यांचा संबंध नसतो, मधे फक्त एक भिंत आहे पण तिकडची माणसं इकडे येत नाहीत. एका मुलीनं फळ्यावर लिहिलं, 'लक्ष्मीकांत, तिसऱ्यांदा. मूलभूत हक्कांपर्यंत.' एम. लक्ष्मीकांत यांचं भारतीय राज्यव्यवस्थेवरचं पुस्तक या मुलांच्या उशाशीच असतं. तिच्या ओळीच्या वर एका निवृत्त गुरुजींची नोंद होती. 'कोसला, चौथा महिना. पुढं जात नाही.' गुरुजी चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. आपल्याला एखादी मराठी कादंबरी जात नाही, हे त्यांनी खडूनं सगळ्यांसमोर लिहिलं याचं मला फार मोल वाटलं. आठवडाभरानं मुलीनं त्यांच्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'सर, मोठ्यानं वाचून बघा. पांडुरंग बोलतोय असं वाटतं.' गुरुजींनी ते वाचलं, काही बोलले नाहीत. महिन्याभरानं ते अभ्यासिकेच्या दारात उभे दिसले, हातात संविधानाची मराठी प्रत. तिला म्हणाले, "मूलभूत हक्क ना? मूळ मजकूर वाच, पोरी. आपण दोघं मिळून वाचू." रोज साडेचारला अर्धा तास ते दोघं वाचत. 'कोसला' गुरुजींनी पूर्ण केली की नाही, मला माहीत नाही. फळ्यावर त्यांनी पुन्हा तिचं नाव लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

२०२२ साली वाचन प्रेरणा दिन जवळ आला होता. कार्यक्रमाला पाहुणे येणार होते आणि फळ्यावर तीनच नोंदी होत्या. फळा भरलेला दिसावा असं मला वाटलं. संगणक उघडला, त्या आठवड्यात बाहेर असलेल्या पुस्तकांची यादी काढली आणि सुंदर अक्षरात वीस नोंदी लिहिल्या. सभासदाचं नाव, पुढे पुस्तक. एकालाही विचारलं नाही. वाचन ही अभिमानाचीच गोष्ट, त्यात विचारायचं काय, असं मला तेव्हा वाटलं.

त्या वीसांत एका बाईंचं नाव होतं आणि पुढे स्तनाच्या कर्करोगावरचं पुस्तक. लिहिताना माझा हात थांबला नाही. वीस ओळींतली ती एक ओळ होती माझ्यासाठी.

संध्याकाळपर्यंत त्यांच्या गल्लीतल्या कुणीतरी त्यांना विचारलं. त्यांनी अजून घरी सांगितलेलं नव्हतं. तपासण्या चालू होत्या, सासूबाई थकलेल्या, मुलीची बारावी. कधी, कुणाला, कोणत्या शब्दांत सांगायचं हे त्या ठरवत होत्या आणि त्यासाठीच ते पुस्तक नेलं होतं. त्या दुसऱ्या दिवशी आल्या. चिडल्या नाहीत. फळ्यापुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं तुम्हाला, लिहा म्हणून." एवढंच बोलून गेल्या. मी फळा पुसला. पण गावानं वाचलेलं कसं पुसणार?

वाचकाविषयी जे कळतं ते ग्रंथपालानं गुप्त ठेवावं, हे अमेरिकन ग्रंथालय संघानं १९३९ सालीच आपल्या आचारसंहितेत घातलंय. अभ्यासक्रमात आम्हाला ते होतं. मी ते दूरदेशीचं कलम म्हणून वाचलं होतं. खरं तर आमच्या जुन्या कार्डानं तेच केलं होतं. वाचलेलं दिसायचं, वाचणारा दिसत नव्हता. क्रमांकाआड माणूस सुरक्षित होता आणि तरी त्याचं वाचन दुसऱ्याच्या कामी येत होतं. ज्याची आवड डोळे झाकून घ्यावी तो हमाल, आणि घेणाऱ्या त्या बाई, दोघंही त्या आकड्यामुळे मोकळे होते. ही व्यवस्था कुणी विचार करून केली असेल असं नाही, जागा कमी म्हणून क्रमांक लिहीत असू. पण ती होती, आणि मी ती हातानं मोडली.

तेव्हापासून फळ्यावर मी एकही अक्षर लिहीत नाही. ज्याला वाटेल त्यानं यावं, स्वतः लिहावं. नाव लिहायचं नसेल तर क्रमांक, तोही नको असेल तर नुसतं पुस्तक. देवघेवीच्या खिडकीशी कुणी विचारलं, "ते अमुक पुस्तक कुणाकडे आहे?" तर उत्तर एकच, "बाहेर गेलंय. आलं की कळवते." कधी विचारणारा नवरा असतो, कधी वडील, कधी वाचनालयाच्या समितीतलाच कुणी. उत्तर तेच. एकदा यावरून समितीच्या बैठकीत वाद झाला आणि मी शांतपणे सांगितलं की नियम मोडायचा असेल तर चाव्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

फळ्यावर आता क्रमांकच जास्त असतात. '२१४, धग, निम्मं.' '८७, दुसरी दिवाळी, सगळे अंक अर्धवट.' एका नोंदीला क्रमांकही नाही. 'श्रावणबाळ योजनेचा अर्ज, पान १' असं कुणीतरी लिहून ठेवलंय. मी ते पुसलेलं नाही. त्या माणसाचं सध्याचं वाचन तेच आहे.

त्या बाई आठ महिने आल्या नाहीत. पुस्तक त्यांच्याकडेच होतं. संगणक दर पंधरा दिवसांनी थकीत यादी दाखवायचा आणि मी दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवायची. स्मरणपत्र पाठवलं नाही. माफी मागायला घरी जावं असं अनेकदा मनात आलं, पण दारात ग्रंथपाल उभी राहिलेली शेजारच्यांनी पाहिली असती तर पुन्हा तेच झालं असतं.

जूनमध्ये त्यांची मुलगी आली. बारावी झाली होती. काउंटरवर पुस्तक ठेवलं, म्हणाली, "आईचं वाचून झालंय. दंड किती?" दंड नाही म्हटलं. ती घुटमळली. "आईनं विचारलंय, तुम्ही सध्या काय वाचताय?"

माझ्या खणात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' होती. कितव्यांदा वाचत होते ते आठवत नाही. मी पुस्तक काढलं, दाखवलं. एसटीचं एक तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं, अर्ध्याच्या थोडं अलीकडे. मुलीनं पानं चाळली, तिकिटापाशी थांबली. "तुमचं व्हायचंय अजून." मी म्हटलं, "आधी आईला दे. माझं थांबेल." त्यांच्या नावावर नोंद केली आणि खूण न काढता पुस्तक तिच्या हातात दिलं.

बारा दिवसांनी ते परत आलं. त्यांच्या मुलीनंच आणलं. तिकीट होतं त्याच पानावर होतं. पुढे चाळीसेक पानांवर आणखी एक खूण होती, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची कापून घेतलेली चंदेरी पट्टी.

"आई म्हणाली, आता तुम्ही तिच्या पुढं जा. मग परत पाठवा."

सध्या पुस्तक माझ्याकडे आहे. तिकीट पट्टीच्या पुढे गेलंय, सव्वीस पानं. सोमवारी पाठवायचं आहे.